नवव्या नंबरावर तूप

अबुधाबी,
संक्रांत, १४ जानेवारी २००१

ती. सौ. विनितावन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुम्ही ठणठणीत आहात हे विचारायची गरजच उरली नाही, कारण शुक्रवारी फोनवर तुमचा आवाज असा काही लागला होता की रिसीव्हर माझ्या कानाशी असूनही सोफ्यावर पेंगत असलेले तुमचे बंधुराज दचकून उठून बसले. तुमच्या यजमानांचं, आमच्या भाऊंचं, ब्लडप्रेशर उतरलं का? (तुम्ही फोन ठेवल्यावर त्यांचं काय झालं असेल, ही काळजी मला रात्रभर होती.) चि. रंजिताच्या लग्नाची तयारी कुठवर आली? इथून काय काय आणायचं ते कळवा. आमची केया अभ्यासात बरी आहे. मराठी समजते, पण विचारलं की उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तुमच्या भावाला खोकला आहे आणि औषध न घेण्याचा हट्टही आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारलंत, “माझ्या आईला परदेशात नेऊन मैदानावर पळवता काय आणि तोंडावर पाडता काय?” त्याचं उत्तर फोनवर देता आलं नाही. (एक तर कार्ड संपत आलं होतं, आणि दुसरं म्हणजे तुम्ही मला बोलू दिलं नाहीत.) म्हणून हे पत्र. आई पडल्या हे खरं आहे, वन्सं. नाकारत नाही. पण कुठे पडल्या, हे दुबईच्या त्या बेबीवहिनीने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. तिला अर्धवट बातम्या पोचवायची हौस पहिल्यापासूनच. सगळं पहिल्यापासून सांगते, पाणी पिऊन शांतपणे वाचा.

आमच्या कंपाउंडात क्लबचा एकच हॉल आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. दरवर्षी संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी तिथे मंडळाचं हळदीकुंकू असतं. इथे शुक्रवार म्हणजे आपला रविवार, त्यामुळे अल ऐनपासून अजमानपर्यंतच्या बायका येतात. वर्षभर ऑफिस, शाळा आणि एसीचा घुरघुराट ऐकणाऱ्या बायका त्या एका दिवसासाठी नथी बाहेर काढतात. यंदा क्लबच्या बुकिंगवाल्याने एकोणीस तारखेचा तोच शुक्रवार आमच्या मंडळालाही दिला आणि कंपाउंडातल्या अमेरिकन बायकांच्या बेसबॉलच्या टीमलाही, पार्टीसाठी. मी तर हबकलेच! पत्रिका वाटून झाल्या, वाणाच्या डब्या देवरुखहून आल्या, आणि हॉल नाही? आमच्या अध्यक्षा रंभावहिनी त्या टीमच्या मुख्य बाईंना, म्हणजे डोना नावाच्या टेक्ससच्या सहा फुटी बाईंना, भेटायला गेल्या. डोनाबाई हसून म्हणाल्या, भांडायचं कशाला, एक फ्रेंडली गेम खेळू, जिंकेल त्याचा हॉल. आणि रंभावहिनी, ज्यांनी आयुष्यात संगीतखुर्चीपलीकडे मैदान पाहिलं नाही, त्या “व्हाय नॉट, व्हाय नॉट” म्हणून शेकहँड करून घरी आल्या! त्यांना वाटलं, हळदीकुंकवाला आपण बायकांचे गमतीचे खेळ घेतो, त्यातलाच एखादा असेल.

बेसबॉल, वन्सं! घरी येऊन हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या हातातली गुळाची ढेप खाली पडली. पण तुमच्या बंधूंचे डोळे चमकले. कॉलेजात एकदा बारावा गडी म्हणून निवड झाली होती, तेव्हापासून ते सगळ्या खेळांचे जाणकार आहेत. त्यांनी डायनिंग टेबलवर मिठाची बाटली, लोणच्याची बरणी वगैरे मांडून आम्हाला शिकवणी दिली. म्हणाले, काही नाही, क्रिकेटच आहे, फक्त वाकडं. बॅट सरळ ठेवा, आधी विकेट सांभाळा, चेंडू वाईट असेल तरच मारा. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. या खेळात विकेटच नसते हे आम्हाला मैदानावर जाऊन कळलं.

आता आईंचं सांगते. त्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. तुम्ही त्यांना व्हिसावर इकडे पाठवताना मला बजावलं होतंत, अप्पांना जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत, हळदीकुंकवाच्या दिवशी आईला पुढे पुढे करू देऊ नकोस, लोक नावं ठेवतात, तिला आत बसव. मी काहीच सांगायची वेळ आली नाही. त्या आपण होऊनच म्हणाल्या, हलवा करून देते, लाडू वळून देते, त्या दिवशी मी घरी केयाजवळ थांबते. आणि खरंच, सगळ्यांच्या वाट्याचे लाडू एकट्याने वळले. गेल्या गुरुवारी मैदानावरसुद्धा त्या आल्या होत्या त्या चहाचा थर्मास आणि बटाटेवडे घेऊन, खेळायला नव्हे. खजुराच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. एवढं वाचून निदान भाऊंना तरी सांगा, की मी सासूला बॅट हातात देऊन घराबाहेर काढलं नाही.

झालं असं, की आमच्या नवव्या खेळाडू मिसेस पेडणेकर ऐन वेळी दाढ सुजवून बसल्या. डोनाबाई म्हणाल्या, नऊ नसतील तर खलास, हॉल आमचा. आम्ही आठच जणी. आणि रंभावहिनी हळूच खजुराकडे वळल्या. (याच त्या रंभावहिनी, ज्या कुंकवाचा करंडा कुणाच्या पुढे धरायचा आणि कुणाच्या नाही याबाबतीत अगदी काटेकोर.) म्हणाल्या, सगुणाताई, नुसत्या उभ्या राहा. आई म्हणाल्या, उभी राहायला मला काय धाड भरलीय, आणि पदर खोचून आल्या. आपल्या आई, ज्या पाहुणे आले की स्वयंपाकघरातून बोलतात, त्या दोन्ही हातांनी बॅट धरून, “ही धरायची कुठे?” असं त्या सहा फुटी डोनालाच विचारत होत्या, तेही मराठीत. आणि डोनाने दाखवलंही.

पहिल्या डावाबद्दल फार लिहीत नाही, लाज वाटते. त्या बाई चेंडू हाताखालून टाकतात, पण तो येतो असा, की रंभावहिनींच्या तोंडून “अगंबाई” निघेपर्यंत मागच्या बाईच्या हातमोज्यात गेलेला असतो. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर पांढऱ्या उशा ठेवलेल्या असतात, चेंडू मारला की बॅट टाकून पहिल्या उशीकडे पळायचं, मग पुढच्या, शेवटी परत घरी, म्हणजे मारायच्या कोपऱ्यावर, आलं की एक रन. आमच्यापैकी एकीने मारला, पण बॅट घेऊनच पळाली आणि क्रिकेटसारखी बॅट टेकवून थांबली. पाय उशीवर नाहीच. आउट. तुमचे बंधू बाहेरून “क्रीझमध्ये! क्रीझमध्ये!” ओरडत होते. त्यांना शेवटी केयानेच गप्प केलं, “बाबा, प्लीज, यू आर नॉट हेल्पिंग.”

पण आमचा खरा घात झाला तो आपल्या चांगुलपणामुळे. नऊजणींनी ठरलेल्या क्रमानेच मारायला जायचं असा तिथे कडक नियम आहे. आणि आम्ही काय केलं? मिसेस सबनीसांची पाळी आली, त्या अर्चनाला म्हणाल्या, तू जा ना आधी. अर्चना म्हणाली, छे छे, तुम्ही मोठ्या. शेवटी आग्रह करकरून तिसरीलाच पुढे ढकललं. ती कशीबशी चेंडूला बॅट लावून पहिल्या उशीवर पोचली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि त्यांनी अंपायरला जाऊन सांगितलं की क्रम मोडला. आउट! वन्सं, “आधी तुम्ही” म्हटल्याबद्दल आउट देणारा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. कुणाच्या घरी जाताना दारात उंबऱ्याशी आपण पाच मिनिटं तेच करत उभ्या असतो!

तेवढ्यात आई तडकल्या. त्या अशा चिडलेल्या मी अप्पांच्या वेळचं गणपतीचं जेवण सोडून कधी पाहिल्या नव्हत्या. म्हणाल्या, पंगतीला वाढायला उभ्या राहता तेव्हा असा घोळ घालता का? मिठाच्या आधी भात घेऊन कुणी धावते का? दिवाळीच्या जेवणाला जी जे वाढते, त्याच क्रमाने उभ्या राहा, आणि तोंडं बंद. झालं! आमच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. मंडळाच्या जेवणाला वर्षानुवर्षं आमचं वाढप ठरलेलं आहे. रंभावहिनी मीठ, धाकट्या जोशीबाई लिंबू, अर्चना चटणी, मिसेस सबनीस कोशिंबीर, मग भाजी, उसळ, भात, मी वरण, आणि शेवटी तूप. तूप मिसेस पेडणेकरांचं. त्या दाढेने घरी, म्हणून तूप आईंकडे आलं. उशांवर कधी थांबायचं, कधी पळायचं हेही आम्हाला समजेना, तर त्यावर आई म्हणाल्या, त्यात काय समजायचं, मागची भांडं घेऊन आली की पुढचीने पुढच्या पानावर सरकायचं. इतकं सोपं तुमच्या भावाला मिठाच्या बाटल्या मांडून सांगता आलं नव्हतं.

तरी आम्ही मागेच होतो. शेवटचा डाव आला तेव्हा त्यांचे तीन रन जास्त होते, आणि त्यांच्यातल्या दोघी तर हॉलमध्ये फुगे कुठे लावायचे ते बोलत होत्या, मी कानांनी ऐकलं. यल्ला (इथल्या अरबीत ‘चला’), होऊन जाऊ दे, असं म्हणत रंभावहिनी मीठ वाढायला गेल्या.

आणि मग जे झालं ते नीट वाचा. रंभावहिनींनी मारला म्हणजे काय, चेंडू बॅटला लागून चिमूटभर पुढे सरकला. पण तो उचलायला मागची बाई आणि टाकणारी बाई दोघी एकदम धावल्या आणि “यू टेक इट, यू टेक इट” करत थांबल्या. (म्हणजे तो रोग त्यांच्यातही आहे तर!) रंभावहिनी उशीवर. मग लिंबू, म्हणजे जोशीबाई. त्यांना चेंडू थेट कमरेत बसला. आम्ही सगळ्या किंचाळत धावलो, तर अंपायर म्हणतो, लागला ना, आता फुकट पहिल्या उशीवर जा. मार खाल्ला की जागा मिळते! जोशीबाई कंबर चोळत, पण हसत गेल्या, आणि मागची आली म्हणून रंभावहिनी सरकल्या. चटणी अर्चना कॉलेजात खो-खो खेळलेली, तिने असा सणसणीत हाणला की रंभावहिनी पातळ आवरत थेट घरी. एक रन! मिसेस सबनीसांनी बॅट हलवलीच नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, त्या रेशनच्या रांगेत उभ्या राहतात तशा, आणि चारदा चेंडू चुकीचा पडला म्हणून त्यांनाही चालत जाऊ दिलं. काही न करता! मी थक्क. भाजीवालीने तीनदा हवेत फिरवली आणि गेली. उसळीने मारलेला सोपा चेंडू एकीच्या हातातून सुटला आणि लिंबू घरी आलं. दोन रन. आता फुगेवाल्या गप्प झाल्या होत्या. भातवालीने आभाळात मारला, मी देवाचं नाव घेतलं, पण डोनाने झेलला. दोघी बाद, आणखी एक गेली की संपलं.

आणि पाळी माझी. वन्सं, तुम्हाला माहीत आहे, मी झुरळसुद्धा डोळे मिटून मारते. तसेच मिटले आणि फिरवली. ठण्ण आवाज झाला, हातांना झिणझिण्या आल्या, कोणीतरी “कुंदा, पळ!” ओरडलं आणि मी पळाले. डोळे उघडले तेव्हा पायाखाली उशी होती आणि अर्चना घरी पोचून नाचत होती. बरोबरी! मोठं असं कुणीच काही केलं नव्हतं हो. जिने तिने आपलं भांडं रिकामं केलं, एवढंच. पण समोरच्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं की आता ही शेवटची, तर मागून आणखी एक पदर खोचून हजर.

आता तिन्ही उशांवर आमच्या बायका आणि मारायला आई. मी पहिल्या उशीवर उभी, आणि तेवढ्यात माझ्या मनात जे आलं ते तुम्हाला सांगते, रागवा हवं तर. मला एकदम कळलं, की या बाई ज्या हॉलसाठी बॅट धरून उभ्या आहेत, त्या हॉलात त्या पाऊल टाकणार नाहीत. आमच्या कुंकवासाठी त्या खेळतायत, आणि त्या दिवशी घरी बेडरूमचं दार लोटून बसणार आहेत. मला इतका धक्का बसला, की मी रडायलाच लागले. तिकडून तुमचे बंधू ओरडतायत, “कॉन्सन्ट्रेट!”

आईंनी पहिले दोन सोडले. तिसऱ्याला गादी धोपटावी तसा एक दणका दिला. चेंडू दोन बायकांच्या मधून गेला आणि आई पळाल्या. वन्सं, तुमची आई पळाली! एक चप्पल मागे राहिली, अंबाडा सुटला, केया “रन, आजी, रन!” करत कुंपणाच्या पलीकडून बरोबरीने धावतेय. मागची आली की पुढचीने सरकायचं, म्हणून मीही जिवाच्या आकांताने दुसऱ्या उशीकडे. (आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, त्यात सासूबाईंच्या पुढे पळायची परवानगी मला पहिल्यांदाच मिळाली.) मिसेस सबनीस तिकडे घरी पोचल्या होत्या, पण आई उशीवर पोचेपर्यंत तो रन धरत नाहीत. चेंडू पहिल्या उशीकडे येत होता, आईसुद्धा येत होत्या, आणि शेवटच्या पावलाला त्या पडल्या. पण पडल्या त्या थेट उशीवर, दोन्ही हात टेकून! चेंडू नंतर आला. अंपायरने हात पसरले, म्हणजे आई नाबाद. आम्ही जिंकलो. आणि त्या धावत येणाऱ्या डोनाने आईंना उचलून उभं केलं आणि मिठी मारली. आई म्हणाल्या, “अगो, हळू!”

तर असं आहे पडणं. गुडघ्याला थोडं खरचटलं आहे, हळद लावली, दुसऱ्या दिवशी त्या चकल्या करत होत्या. काळजी नसावी. हॉल आमचा झाला. आईंनी शुक्रवारसाठी सगळ्या वाणांना कागद लावून ठेवले आहेत आणि मला सांगितलं आहे की परत येताना उरलेला हलवा केयासाठी आण. मी हो म्हटलं. भाऊंना नमस्कार, रंजिताला आशीर्वाद.

तुमची,
कुंदा

ता.क. पत्र टाकायचं राहून गेलं ते बरंच झालं. आज शनिवार, काल हळदीकुंकू झालं. कुणी इकडे येणारं असेल तर मेतकूट आणि आमसुलं पाठवाल का? इथली आमसुलं नुसती आंबट असतात.

ता.क. २. मेतकुटाचं एवढं काही नाही. काल काय झालं ते लिहिते. हॉल भरला, निरांजन लागलं, सगळ्या नटून थटून बसल्या, आणि रंभावहिनी करंडा हातात घेऊन उभ्याच. कोणाला लावेनात. मला वाटलं काही विसरलं. तर म्हणाल्या, तूप वाढल्याशिवाय माझ्या पंगतीत कुणी घास उचलत नाही. आणि करंडा घेऊन निघाल्या त्या हॉलबाहेर, मागोमाग आम्ही सगळ्या, त्याच क्रमाने, मीठ, लिंबू, चटणी, थेट आमच्या फ्लॅटपर्यंत. लिफ्टमध्ये मावेनात म्हणून जिन्याने. केयाने दार उघडलं. आई बेडरूममध्ये जुन्या साडीत बसल्या होत्या. रंभावहिनींनी हात पुढे केला आणि आई मागे सरकल्या. म्हणाल्या, अगं नको, मला चालत नाही. रंभावहिनी म्हणाल्या, ताई, मागची आली की पुढचीने सरकायचं असतं, मागे नाही. आईंनी डोळे मिटले. वन्सं, मी हात जोडून सांगते, रंभावहिनींनी कुंकू लावलं आणि अर्धं नाकावर सांडलं. कोणीच हसलं नाही. मग सगळ्या हसलो. मग सगळ्या रडलो. डोनाबाई खाली हॉलमध्ये पाहुण्या म्हणून आल्या होत्या, त्यांना वाटलं कार्यक्रम असाच असतो. फोटो सोबत पाठवते आहे. आईंच्या कपाळाकडे बघा, पण आधी बसून घ्या.

ता.क. ३. खरी विनंती ही. रंजिताच्या लग्नात मुहूर्ताला कुणी कुणी बसायचं ते तुम्ही ठरवलं आहे, आणि आईंसाठी मागची खोली ठेवली आहे, असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. त्यांना नातीच्या मुहूर्ताला पुढे बसवा, वन्सं. तुमची आई आहे. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण एवढं करा. त्यांना यातलं काही मी सांगितलेलं नाही.

विनू,
हिने पत्र टेबलवर उघडं ठेवलं, मी वाचलं. निम्मं खोटं आहे. मी पडले नाही, चेंडू येताना दिसला म्हणून मुद्दाम बसले. मागची खोली पाहुण्यांना दे, त्यांना लागेल. डोनाने मला पांढरे कॅनव्हासचे बूट दिलेत, तेच घालून येते आहे.
आई